फोटोतलं मोकळं कपाळ

माझ्याकडे नीट बघा, मित्रांनो. माझा कोपरा कापलेला आहे आणि अंगावर ‘रद्द’ असा शिक्का आहे. मी एक जुना पासपोर्ट आहे. आता मला कुठल्याही विमानतळावर कुणी विचारत नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं वाईट वाटत नाही. मी जन्मभर भीतच जगलो.

माझी कोरी पानं नाशिकला छापली. पुढे त्यांवर काष्टीच्या धनश्रीचं नाव चढलं आणि पोस्टमनने मला तिच्या घरी आणून दिलं. तिच्या आईने, विजयमालाबाईंनी, मला आधी कपाळाला लावलं, मग उघडलं. आतला फोटो पाहून त्या हिरमुसल्या. फोटोवाल्याने टिकली काढायला लावली होती.

“कपाळ लई मोकळं दिसतंय गं,” त्या म्हणाल्या.

पुढे धनश्रीचं लग्न सुप्याच्या हर्षलशी झालं. तो कॅनडात ट्रक चालवायचा. मी तिला तिकडे घेऊन गेलो. तेव्हा माझा केवढा तोरा होता! घरात सोनं एका कपाटात आणि मी त्याच्याही वरच्या खणात. बायकोला कायमचं राहता यावं म्हणून हर्षलने सरकारकडे अर्ज केला आणि दोघं उत्तराची वाट पाहू लागली.

उत्तर येण्याआधी काष्टीहून फोन आला. धनश्रीच्या वडिलांच्या, भागवतरावांच्या, हृदयाचं ऑपरेशन नगरला ठरलं होतं. अर्जाचं काम पाहणाऱ्या वकिलाने स्पष्ट सांगितलं, “व्हिसा चालू आहे, जायला बंदी नाही. पण परत येताना इथल्या विमानतळावरच्या अधिकाऱ्याने नाही म्हटलं, तर हा अर्जही गेलाच समजा.”

धनश्रीने मला पर्समध्ये घातलं. बाप तो बापच.

ऑपरेशन नीट झालं. भागवतराव घरी आले, ओट्यावर बसू लागले. परतीचं तिकीट दसऱ्यानंतरचं होतं. त्याआधी आली खंडेनवमी. विजयमालाबाईंनी पाटावर कोयता, खुरपी, टेम्पोची किल्ली, सगळं धुऊन मांडलं. मग लेकीच्या पर्समधून मलाही काढलं. ज्याच्यावर पोट चालतं त्याची त्या दिवशी पूजा करायची, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी मला उघडलं, पाण्यात कालवलेलं कुंकू बोटावर घेतलं आणि फोटोतल्या त्या मोकळ्या कपाळावर टेकवलं. मग मला मिटून कोयत्याशेजारी ठेवलं.

धनश्री देवघरात आली आणि जागीच थिजली. फोटोवर चकचकीत आवरण होतं, त्यामुळे तिथलं कुंकू पुसलं गेलं. पण समोरच्या कागदी पानात ते मुरलं होतं. लाल, ओबडधोबड डाग.

“आई, काय केलंस हे? खाडाखोड केली म्हणतील. मला आत घेणार नाहीत.”

“समद्या हत्यारांना लावलं,” विजयमालाबाई पुटपुटल्या. “तुजं हत्यार ह्येच हाय ना, बाई?”

मी तर आतून पार हबकलो होतो. नवा पासपोर्ट काढायचा तर चौकशी, पोलीस, किती वेळ जाईल कोण जाणे. आणि तेवढ्यात तिकडून अर्जाच्या मुलाखतीचं बोलावणं आलं तर? शेवटी धनश्री माझ्यासकटच निघाली. निरोप देताना आईने तिच्या सामानाला हातही लावला नाही. दोन्ही हात पदरात गुंडाळून त्या दारात उभ्या राहिल्या.

कॅनडाच्या विमानतळावर, तपासणीच्या खिडकीत, अधिकाऱ्याने माझं पहिलंच पान उघडलं आणि भुवया चढवल्या. धनश्रीला बाजूच्या खोलीत बसवलं. तिने मला असं घट्ट धरलं की तिच्या तळव्याचा घाम माझ्या पाठीला लागला. हर्षल काचेपलीकडे कुठेतरी उभा असणार. मला वाटलं, माझ्यामुळे या पोरीचा संसार इथेच मोडणार.

एक पिकल्या केसांची अधिकारी बाई आली. तिने डागावरून बोट फिरवलं. “हे काय?”

“माझ्या आईने लावलंय. फोटोत माझं कपाळ मोकळं होतं, तिला बघवलं नाही.”

बाईने फोटो पाहिला, मग धनश्रीच्या कपाळावरची टिकली. “कायमचं राहण्याचा तुमचा अर्ज नामंजूर झाला तर?”

“परत जाईन. तिकडेही माझं घर आहे.”

बराच वेळ ती माझी पानं चाळत राहिली. मग शिक्का बसला. धनश्रीने फोन लावला, तर विजयमालाबाईंनी एवढंच विचारलं, “सोडलं का गं?”

कायमच्या राहण्याला मंजुरी मिळाली. माझी मुदत संपली, नवा पासपोर्ट आला आणि मी खणाच्या तळाशी गेलो. पुढच्या खेपेला धनश्री मला काष्टीला घेऊन आली. तेव्हा पाहिलं, आई अजूनही लेकीच्या बॅगेपासून हातभर लांबूनच चालायच्या.

मित्रांनो, कागदपत्रं जपा. ओल्या हाताने धरू नका, पूजेत मांडू नका. पण चुकलेल्या हातांनाही जपा. ते एकदा भ्याले की जवळ यायला धजत नाहीत.

त्याच खेपेला आलेल्या खंडेनवमीला धनश्रीने मला आईच्या हातात दिलं. त्यांनी मला उघडलं, बोट कुंकवात बुडवलं आणि तसंच थांबवलं.

“लावू का? आता कुनी अडवनार न्हाई ना तुला?”

“लाव, आई.”