डिस्क बिघडली आहे

टक्.

दुपारची सामसूम. लेक नुकतीच झोपली होती, आणि माझा आवाज ऐकून आईने अशी नजर टाकली, जणू मीच काही चोरलंय.

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. वर्षानुवर्षे या घरात मुकाट राबले. "भरवशाची आहे हं," असं आई पाहुण्यांनाही सांगायची. तिचं काम म्हणजे संगणकाच्या प्रणालीचा गाभा, कर्नल, घडवणं. माझं बोलणं त्या गाभ्याला सांगतो ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम, आमचा दुभाषा.

सगळीकडे पाठवण्याआधी तपासायला म्हणून नवा ड्रायव्हर आईकडे आला आणि पडद्यावर इशारा येऊ लागला: 'डिस्क बिघडली आहे.'

मला केबलचा संशय आला. आईलाही आला असावा. तिने ती बदलली. इशारा तसाच. मग मी माझ्या जागेवर टपलेल्या, शेल्फवरच्या नव्या कोऱ्या डिस्ककडे संशयाने पाहू लागले. शेवटी तर स्वतःकडेच.

"काढून टाक गं ती," बाबा म्हणाले. "मशीन स्पष्ट सांगतंय ना?"

"मशीनला कुणीतरी सांगायला लावलेलं असतं. आणि हा इशारा उद्या घरोघरी गेला, तर धडधाकट डिस्क भंगारात जातील."

तिच्या लक्षात आलं, संगणक झोपेतून उठला की मगच इशारा येतो. मग तिने ड्रायव्हरच उघडला. तेच वाक्य दोन ठिकाणी होतं! एक खऱ्या बिघाडासाठी. दुसरं, वेळेत उत्तर आलं नाही तर. लिहिणाऱ्याने पहिलंच उचलून दुसरीकडे चिकटवलं होतं. झोपेतून उठल्यावर माझ्या चकतीला वेग घ्यायला जरा वेळ लागतो, एवढंच.

"तू तरी उठल्या उठल्या बोलतोस का?" आईने बाबांना विचारलं.

"चहाआधी? छे!"

तिने दुसरं वाक्य बदललं: 'डिस्कने अजून उत्तर दिलेलं नाही.' मित्रांनो, त्या 'अजून'ने मला वाचवलं. आम्हा जुन्यांवर शिक्का मारण्याआधी थोडं थांबा, आणि आमच्याविषयी कोण सांगतंय तेही बघा.

लेक डोळे चोळत उठली आणि आईच्या मांडीवर चढली. डिस्क चांगली आहे, ड्रायव्हरच खोटं सांगत होता, असं आईने तिला सांगितलं.

"आता ही कधीच नाही बिघडणार?"

"बिघडेल गं कधीतरी. तेव्हा ड्रायव्हर सांगेल."

"तोच खोटारडा?"

"हो, तोच."

लेकीने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"मग तेव्हा तुला ते खरं वाटेल?"