कंपनीच्या लेखी गोंगाट

टर्नरने लेथ बंद केला आणि त्याच्या चकात पकडलेला पितळेचा पोकळ बुश काढून खिडकीपाशी नेला. उजेडात धरून त्याने आतल्या बाजूवरून अंगठ्याचं नख फिरवलं. नख अडखळत गेलं. आत बारीक बारीक लाटा उठल्या होत्या. सकाळपासूनचा हा तिसरा. त्याने तो भंगाराच्या डब्यात भिरकावला. खणकन आवाज व्हायला हवा होता; त्याच्या कानांपर्यंत पोचला तो उशीवर काहीतरी ठेवल्यासारखा.

कापताना टूल थरथरायला लागलं की लेथ आधी सांगतो. एक बारीक किरकिर सुरू होते, आणि ती कानावर पडताच हात आपोआप मागे येतो. पस्तीस वर्षं तो डोळ्यांपेक्षा कानांच्या भरवशावर काम करत आला होता. त्या पस्तीस वर्षांनीच कान खाल्ले. आठ महिन्यांपूर्वी बायको मागेच लागली म्हणून ऐकण्याची ही दोन यंत्रं कानांमागे येऊन बसली. वाईट नव्हती. समोरच्या माणसाचा शब्द न् शब्द कळायचा. पण एकसारखा चालणारा कुठलाही आवाज कंपनीच्या लेखी गोंगाट होता, आणि गोंगाट ती यंत्रं पुसून टाकायची. पंखा गेला, रस्ता गेला, लेथही गेला. कानातून काढावीत तर काहीच ऐकू येत नव्हतं.

चौथा बुश त्याने चकात धरलाच नाही. दुकानाला कुलूप घालून तो तडक, जिथून यंत्रं घेतली होती त्या कंपनीच्या सेंटरवर गेला.

“काका, ही सोय आहे, बिघाड नाही,” सेंटरवरची मॅडम म्हणाली. तिशीतली, शांत, सगळ्या म्हाताऱ्यांशी थोडं मोठ्याने बोलायची सवय लागलेली. “शांत वाटावं म्हणूनच तर लोक हे मॉडेल घेतात.”

“मला शांत नकोय. माझ्यापुरती बंद करा ती सोय.”

तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवली. ओळीने बटणं होती, त्यांतलं शेवटचं राखाडी, आणि त्याच्यावर इवलंसं कुलूप.

“हे मलाही उघडता येत नाही. कंपनीकडूनच बंद होऊन येतं.”

“विकलीत ना मला? मग माझी झाली की नाही?”

“यंत्रं तुमचीच आहेत काका. आतला प्रोग्राम कंपनीचा. तो वापरायची तुम्हाला परवानगी आहे.”

“लेथ घेतला तेव्हा त्याचे तीन गिअर मी स्वतः कापून बदलले. कुणी विचारायला आलं नाही.”

मॅडम हसली. हसण्यात कुचेष्टा नव्हती, त्यामुळे त्याला जास्तच राग आला.

“तुमचा अभिप्राय मी वर पाठवते,” ती म्हणाली.

तीन दिवसांनी वरून उत्तर आलं. त्याचं मत कंपनीसाठी मोलाचं होतं. त्याने पुन्हा लिहिलं, या खेपेला पितळ, टूल, किरकिर सगळं उलगडून. दुसरं उत्तरही आलं, तारीख तेवढी बदललेली. त्याने फोन टेबलावर आपटला.

“त्याने काय केलंय तुमचं?” बायको म्हणाली आणि फोन उचलून घेतला.

बायको शाळेच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं सहायक होती. मुलांनी वाकवलेले काटे सरळ करणं, जळलेल्या तारा जोडणं, पेटीत उरलेल्या सुट्या भागांतून वर्षभराचे प्रयोग उभे करणं, यात तिचे केस पिकले. निवृत्त झाल्यावर हात रिकामे पडले होते. त्या दिवसापासून ती कॉम्प्युटरसमोर बसायला लागली. तिला इंटरनेटवर एक पान सापडलं होतं. तिथे अशीच यंत्रं लावणारी माणसं भांडत होती, आणि ती मधूनमधून मोठ्याने वाचून दाखवायची.

“एक बाई लिहितेय, तिला पक्षी ऐकू येत नाहीत. एक ड्रायव्हर आहे, त्याला गाडीचं इंजिन हवंय.”

“बाकीचे काय म्हणतात?”

“निम्मे म्हणतात, घेताना अटी वाचल्या नाहीत का.” तिने चष्मा वर केला. “उरलेले म्हणतात, पेचकस आणा.”

पेचकसाचं काम नव्हतं, पण कुणीतरी कुलूप काढायची रीत तिथे लिहून ठेवली होती. त्यासाठी एक वायर स्वतः बनवावी लागणार होती. पहिली वायर चुकली. दुसरीने यंत्र जोडलं गेलं, पण दाद देईना. टर्नर रोज बुश बिघडवून घरी यायचा आणि जेवताना घास चावण्याऐवजी दातओठच खायचा.

“वॉरंटी जाईल म्हणतात,” तो एकदा म्हणाला.

“वॉरंटी म्हणजे बंद पडलं तर चालू करून देणार. हे चालू असूनही बंदच आहे की.”

तिसऱ्या रविवारी दुपारी तिने दोन्ही यंत्रं त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती घातली आणि दचकून मागे पाहिलं.

“फ्रीज एवढा ओरडतो?”

“चौदा वर्षं ओरडतोय,” ती म्हणाली. एवढं बोलून ती उठली आणि आतल्या खोलीत जाऊन पडली. दमले म्हणाली.

सोमवारी त्याने लेथ चालू केला आणि नुसता उभा राहिला. पट्ट्याची फडफड, गिअरांची घरघर, टूल गार ठेवणाऱ्या कूलंटची बारीक धार. टूल पितळेला लागलं तसा तो ओळखीचा सूर निघाला, मध्येच किंचित किरकिरला, आणि विचार करायच्या आत त्याचा हात मागे आला होता. त्या दिवशी त्याने अकरा बुश काढले. एकही डब्यात गेला नाही. संध्याकाळी तो लवकर घरी आला आणि बायकोला कधी एकदा सांगतोय असं होऊन दाराशीच थांबला.

ती बाजारातून आली, तीन जिने चढून, दोन्ही हातांत पिशव्या. दार उघडताच त्याच्या कानात शिट्टी वाजली.

यंत्र कानात नीट बसलं नाही की शिट्टी वाजते हे त्याला माहीत होतं. त्याने डावं दाबलं. उजवं दाबलं. शिट्टी चालूच.

“झालं!” तो वैतागून म्हणाला. “एक दिवस सुखाचा जाईल तर शपथ. तुझ्या त्या वायरने काहीतरी गोंधळ केलाय.”

ती पिशव्या घेऊन दारातच उभी होती. “सारखी वाजतेय?”

“नाही. थांबून थांबून.”

तो खिडकीपाशी गेला. आवाज कमी झाला. परत आला, तर वाढला. यंत्रात आवाज नेमका कुठून येतो हे शोधण्यात त्याचा जन्म गेला होता. पाय आपोआपच तिच्याकडे वळले. तो तिच्यासमोर हातभर अंतरावर थांबला. तिचे खांदे वर गेले, तेव्हा काही नव्हतं. खांदे खाली आले आणि शिट्टी वाजली. लांब, बारीक, शेवटी दोन सुरांत फाटणारी.

त्याने कानाशी नेलेला हात खाली घेतला.

“कधीपासून?”

“बसू तर द्या.”

“कधीपासून म्हणतोय मी!”

आपलंच ओरडणं त्याला पहिल्यांदा पुरतं ऐकू आलं. ती खुर्चीत बसली. पिशव्या पायांशी ठेवल्या.

“वर्ष होईल.”

“आणि मी शेजारी असतो तुझ्या. चोवीस तास.”

“आधी तुम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. मग ही आली. वाटलं, आता कळेल.” ती श्वासासाठी थांबली. “नाही कळलं. मग म्हटलं, आधी तुमचं मार्गी लागू दे.”

“तोंडाने सांगायला काय झालं होतं?”

आठ महिने घर किती शांत होतं हे त्याला आठवलं. चारचौघांत त्याने त्या शांततेचं कौतुकही केलं होतं.

“हे उघडलं की मला ऐकू येणार, हे माहीत होतं तुला?”

ती वाकून पिशवीतली भाजी काढायला लागली.

“वायर ड्रॉवरमध्ये ठेवलीय,” ती म्हणाली. “जपून ठेवा. परत लागेल कधीतरी.”

डॉक्टरांनी दम्याचं निदान केलं. सकाळ-संध्याकाळ घ्यायचा फवारा दिला, उशिरा आल्याबद्दल दोघांनाही सुनावलं, आणि दर महिन्याला येऊन दाखवायला सांगितलं. शिट्टी हळूहळू बारीक झाली. पूर्ण गेली नाही.

दुसऱ्या महिन्यात डावं यंत्र घामाने आणि कूलंटच्या तुषारांनी बंद पडलं. बायकोने ते भिंगाखाली उघडून पाहिलं. आतला तांदळाएवढा एक भाग गेला होता, आणि कंपनी तो भाग आपल्या सेंटरशिवाय कुणाला विकत नव्हती. टर्नर मुकाट्याने सेंटरवर गेला.

मॅडमने यंत्र जोडलं आणि तिच्या भुवया वर गेल्या.

“काका, यात कुणीतरी हात घातलाय.”

“आम्हीच घातलाय.”

“मग दुरुस्ती अशी नाही करता येणार. आधी दोन्ही यंत्रं मूळ स्थितीत आणावी लागतील. नवा प्रोग्राम टाकून.” तिने एक छापील कागद पुढे सरकवला. “इथे तुमची संमती हवी.”

त्याने कागद वाचला, दोनदा. नव्या प्रोग्रामचं कुलूप अजून कुणालाच उघडता आलेलं नाही, हे बायकोने त्याला कालच वाचून दाखवलं होतं.

“कुलूप काढायला माझी परवानगी चालत नाही,” तो म्हणाला, “आणि परत घालायला माझी सही लागते?”

मॅडमने पेन त्याच्यापुढे ठेवलं. मग हळूच म्हणाली, “एका कानाने किती दिवस काढणार? लेथचा आवाज इतका महत्त्वाचा आहे का काका?”

त्याला लेथबद्दल नव्हतं बोलायचं, पण तिला सगळं सांगत बसायचंही त्याच्या जिवावर आलं. त्याने पेन कागदावर आडवं ठेवलं, बंद पडलेलं यंत्र खिशात टाकलं आणि रस्त्यावर आला. रस्ता फक्त उजवीकडून वाहत होता. डावीकडून एक सायकल अंगावर आली, ती अगदी जवळ येईपर्यंत कळली नाही. सायकलवाला काहीतरी बोलून गेला. टर्नरही पुटपुटला, पण ते सायकलवाल्यासाठी नव्हतं.

तिथून तो दवाखान्यात गेला. आज दाखवायचा दिवस होता आणि बायको आधीच येऊन बाकावर बसली होती. त्याच्यासाठी तिने आपल्या उजव्या हाताला जागा धरली होती. लग्न झाल्यापासून ती त्याच्या डाव्या बाजूलाच बसत आली होती.

“झालं का काम?” तिने विचारलं.

“नाही.”

तो धरलेल्या जागेवर बसला. क्षणभराने उठला, तिच्या गुडघ्यांसमोरून वळसा घालून पलीकडच्या बाजूला, उजवा कान तिच्याकडे येईल असा बसला.

“आता इकडे कुठे?”

“तिकडे पंख्याचं वारं लागतं.”

तिने वर पाहिलं. पंखा बंद होता. तिने मांडीवरचे रिपोर्ट उचलून रिकाम्या जागेवर ठेवले आणि त्याला नीट टेकता यावं म्हणून थोडी सरकली.