बाजेंचं इंजिन

आमच्या गावात लँडरोवर तेल गाळते ह्याचं कुणालाच नवल वाटत नाही. गाळत नसेल तर आत तेलच नसणार, असं उर्गेन काइँला म्हणतो, आणि गावातल्या सगळ्या गाड्यांचे आजार त्याच मिस्त्रीच्या हाताखालून गेलेले आहेत. पाहुण्यांना घेऊन संदकफूच्या डोंगरावर चढणारी प्रत्येक गाडी बाहेरून जुनीच दिसते, पण झाकण उघडलं की आत डिझेलचं नवं इंजिन. पत्रा आजोबांचा, जीव दुसऱ्याचा. मूळचं पेट्रोलचं इंजिन एवढ्या गाड्यांत राहिलं होतं ते आमच्या एकट्या गाडीत. चहाबागेच्या साहेबानं जाताना माझ्या सासऱ्यांना गाडी दिली, तेव्हापासून ते तिच्यातच आहे. माझी मुलगी बिनिता आजोबांना बाजे म्हणायची, म्हणून घरात ते बाजेंचं इंजिन.

तर ह्या हिवाळ्यात गळती फारच वाढली. अंगणात काळं थारोळं, रोज सकाळी तेल घाला, वर चढणाऱ्या पाहुण्यांच्या बुटांना डाग. बिनिताच्या बांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, एका रात्री जेवताना सांगून टाकलं की उर्गेनशी बोलणं झालंय, शुक्रवारी सिलिगुडीहून ट्रकमधून डिझेल इंजिन येतंय, आणि त्याच ट्रकमधून हे जुनं भंगारात जाणार. बटाट्याचा भाव सांगावा तशा आवाजात सांगितलं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर त्यांना पुढचा घास गिळता आला नसता.

बिनितानं हात ताटातच ठेवला. माझी ही एकुलती एक मुलगी दोन हंगाम गाडी चालवतेय, आणि त्यावरून चौकात काय काय बोललं गेलं ते मी देवळात जाता येता ऐकलेलं आहे. ती म्हणाली, "बा, गळतं कुठून ते कुणी बघितलंय?"

"खालून. दुसरं कुठून?"

"खालून टपकतं. गळतं कुठून?"

त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, शुक्रवारपर्यंत बघ शोधून. थेंब थांबला तर इंजिन राहील.

दुसऱ्या दिवशी तिनं रॉकेल आणि जुना ब्रश घेऊन इंजिन असं घासलं, की मला लग्नानंतर पहिल्यांदाच त्याचा खरा रंग दिसला. पुसून कोरडं केल्यावर तिनं माझ्याकडे पीठ मागितलं. अन्न मी इंजिनावर उधळू देणार नव्हते, म्हणून अंगाला लावायच्या पावडरीचा डबा दिला. तिनं ती सगळीकडे भुरभुरली, गाडी वरच्या वळणापर्यंत नेऊन आणली आणि झाकण उघडून मला बोलावलं. पांढऱ्या पावडरीवर तेलाची वाट इंजिनाच्याच वरच्या झाकणाच्या कडेपासून निघून मागे उतरलेली स्पष्ट दिसत होती. तेल खाली कितीही पसरू दे, आमा, सगळ्यात वरचा ओला ठिपका शोधायचा, असं ती म्हणाली.

झाकणाची कड वाकली होती. गळतंय म्हणून वर्षानुवर्षं नट आवळत गेल्यानं ती वाकली, आणि वाकल्यानं आणखी गळू लागली. नट कोण आवळायचं ते आम्हा दोघींना माहीत होतं. तिनं मसाल्याच्या पाट्याकडे पाहिलं तशी मी नाही म्हणून मान हलवली. मग परसातल्या दुसऱ्या दगडावर ठोकून तिनं ती कड सरळ केली, कडेखालची कॉर्कची पट्टी, गॅस्केट, नवी कापून बसवली आणि नट हातानं पुरे एवढेच फिरवले. ती वाट बंद झाली.

पण थारोळं राहिलंच. लहान झालं, तरी होतंच. ह्या वेळी तेल मागच्या बाजूनं, इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथून येत होतं. उर्गेननं बोट लावून वास घेतला आणि धाकट्या बहिणीला समजवावं तसा बिनिताच्या खांद्यावर हात ठेवला. "तेल अडवणारं आतलं सील गेलं, बहिनी. ते बदलायला सगळं उतरवावं लागतं. आणि उतरवलंच, तर परत तेच कशाला चढवायचं?" तो वाईट माणूस नाही, पण चौकात जाऊन त्यानं सांगितलं की मुलीनं इंजिनाला पावडर लावून नवरी केली, आता वरात शुक्रवारी. लोक हसले. बिनिता त्या रात्री जेवली नाही.

सोमवारी माझा उपास असतो. देवळाच्या पायऱ्यांसाठी वाळूची पोती न्यायची होती, म्हणून मला आणि पोत्यांना घेऊन बिनिता गाडीनं वर आली. मी महादेवाला पाणी घालून बाहेर आले तर ती उघड्या इंजिनापाशी तेल मोजायची काठी हातात धरून उभी. घरून निघताना तेल खुणेच्या खाली दिसलं म्हणून बांनी मगभर तेल ओतलं होतं, आणि इथे तेल खुणेच्या दोन बोटं वर चढलेलं. पुसून तिनं पुन्हा काठी बुडवली. पुन्हा तेच.

"आमा, मला नीट दिसत नाहीये का?"

मी काठी पाहिली, मग चाकं पाहिली. आमच्या गावात बशी ठेवायलाही सपाट जागा सापडत नाही. देवळासमोरचं अंगण तेवढं सपाट आहे. मी एवढंच म्हणाले, "घरी ही नाक वर करून उभी असते ना गं?"

तिला पुढचं सांगावं लागलं नाही. घरी तेल मागे धावतं, काठी पुढे आहे, म्हणून ते कमी दिसतं. मग आणखी ओतायचं. ते जास्तीचं तेल रात्रभर मागच्या सीलवर दाबून बसणार, दिवसा आत घुसळलं जाणार, आणि फट मिळेल तिथून बाहेर पडणार.

घरी सांगितल्यावर बिनिताचे बा चिडले. "माझ्या बानं ह्याच अंगणात काठी बघून तेल घातलं, त्याचं का नाही गळलं?" असं त्यांनी विचारलं.  ते तणतणत बाहेर गेले आणि अंगणाच्या खालच्या टोकाची कड वाकून पाहू लागले. परत येऊन ते उंबऱ्यावर टेकले.

"दरड कोसळली त्या साली अंगणाचा खालचा अर्धा भाग गेला," ते म्हणाले. "बा तेव्हा हयात नव्हता. मी भराव घातला तो उतरताच घातला. बाचं अंगण सपाट होतं."

मग ते आत जाऊन पहार घेऊन आले. दोघं बापलेक दिवस मावळेपर्यंत खणत होते. पुढच्या चाकांची जागा खाली घेतली, मागच्यांखाली दगड बसवले आणि लोट्यात पाणी घेऊन पातळी पाहिली. जास्तीचं तेल काढलं, ते अर्धी बादली भरलं. मी चहा देत राहिले. 

शुक्रवारी ट्रक आला. उर्गेन साखळी खांद्यावर टाकूनच अंगणात शिरला. गाडीखाली रात्रभर पुठ्ठा पसरलेला होता. त्यानं तो ओढून काढला, उलटा करून पाहिला, मग स्वतः खाली सरपटला. त्याचे नुसते पाय दिसत होते.  माझा जप चालू होता, पण कुठवर आला होता ते मला सांगता यायचं नाही.

"थोडा ओलावा आहे, दाजु," तो खालूनच, थोरल्या भावाला सांगावं तसं म्हणाला.

"ओलावा माझ्या नाकालाही आहे," बिनिताचे बा म्हणाले. "मग काय माझंही इंजिन उतरवणार?"

उर्गेन बाहेर आला. हसत होता. अंगणाकडे, दगडांकडे, पुन्हा पुठ्ठ्याकडे बघून त्यानं साखळी ट्रकमध्ये फेकली आणि ड्रायव्हरला सांगितलं की माल परत ने. मग बिनिताला जरा बाजूला घेऊन त्यानं विचारलं, त्याची स्वतःची गाडी देवळापाशी आणली तर ती तेलाची काठी बघून देईल का. बिनितानं त्याला सांगितलं की दादा, पावडर तुम्ही आणा.

दुपारी पाहुणे आले, गाड्यांच्या रांगेत नंबर आमचा होता. बिनिताच्या बांनी किल्ली तिच्या हातात दिली आणि स्वतः डाव्या बाजूला जाऊन बसले. तिथे बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी वरून आलेल्या बायकांनी सांगितलं, वाटेत भेटेल त्या प्रत्येक गाडीला ते खिडकीतून हात काढून थांबवत होते. काम काहीच नव्हतं. "आतलं इंजिन माझ्या बाचंच आहे आणि चालवतेय ती माझी मुलगी," एवढंच सांगायला.