पुष्करच्या गुडघ्यातली पेठ

कल्पना कर पाहू. एका मुलाच्या गुडघ्यावर लिंबाएवढं गळू आलं आहे, आणि त्या गळवात एक अख्खी पेठ वसली आहे. जमलं? मग आता त्या मुलाची थोरली बहीण बघ. तिचं नाव केतकी. चपला बाहेर काढून ती पेठेत शिरली आहे, कारण तिच्या भावाचा, पुष्करचा, ताप उतरत नाही. डॉक्टर आईला म्हणाले होते, "औषध पोटात जातंय, पण लागू पडत नाही." का पडत नाही, हे कोणीतरी जाऊन बघायला हवं होतं. आई पुष्करच्या कपाळावरच्या ओल्या घड्या बदलत होती, म्हणून केतकी गेली.

पेठेतली घरं सगळी सारखी, लांबट, गोल कोपऱ्यांची. मध्ये गल्ली नव्हती, कारण बघता बघता एखादं घर कमरेत आवळायचं आणि त्याची दोन घरं व्हायची. भिंतींपाशी पिवळ्या कपड्यांतली माणसं खोळंबली होती. त्यांच्या अंगाला सकाळच्या औषधाचा वास होता.

"आत शिरायचं आणि भिंत आतून उसवायची, एवढंच आमचं काम," त्यांच्यातली एक बाई म्हणाली. "पण दारंच कमी होत चाललीत. काल या भिंतीला नुसती दारं होती."

"आणि आज?"

"हे एवढं उरलंय. चल, येतेस तर ये."

दोघी अंग चोरून आत गेल्या. केतकीने मागे वळून पाहिलं तेव्हा तिथे नुसती भिंत होती.

आत सुतारांचा कारखाना होता. मधोमध सुतळीचा मोठा गुंता पडला होता आणि त्यातून लांब लांब पट्ट्या निघत होत्या. मुख्य सुतार, दिगंबर मेस्त्री, पट्टीच्या टोकावर अंगठा ठेवत आणि पुढे सरकवत जात. खाचा अंगठ्याला लागत, तशी हाताखाली वस्तू तयार होई. खिळा, कडी, फळी.

कोपऱ्यातला जुना पंप धापा टाकत पिवळ्या बाईचा पदर ओढू लागला. तिने खांबाला मिठी मारली.

"हा मला बाहेर थुंकणार," ती म्हणाली.

केतकी मेस्त्रींजवळ गेली. "मेस्त्रीकाका, तुम्ही दारं का करत नाही?"

"पट्टी धड आली तर करतो की. ही बघ दाराचीच आहे."

पट्टीच्या टोकावर एक वीतभर चिंधी घट्ट बसली होती.

"बाहेर औषधाचा जाच सुरू झाला की गुंत्यातून या चिंध्या सुटतात," मेस्त्री म्हणाले. "यांच्यापासून साधा खिळासुद्धा होत नाही. पण दाराच्या पट्टीच्या टोकाशी यांच्या खाचा बरोबर जुळतात. बसल्या की बसल्या."

"मग चिंधी सोडून पुढून सुरू करा."

कारखाना थांबला. मागचा एक सुतार हसला. "ऐकलंत का? पोरगी पट्टी मधूनच धरायला सांगतेय. उद्या म्हणेल, आधी जेवा आणि मग चूल पेटवा."

"टोक लागल्याशिवाय अंगठा ठेवायचा नाही," मेस्त्री म्हणाले. "आमच्यात तसं करत नाहीत." त्यांनी पट्टी चिंधीसकट भट्टीत टाकली.

दाराची पुढची पट्टी आली तेव्हा केतकीने तिच्यावरची चिंधी ओढून काढली. लगेच दुसरी येऊन बसली. तीही तिने काढली. मग आणखी एक. चिंध्या बोटांना चिकटत होत्या आणि बोटं चपटी होत होती. नंतर तळहात, नंतर कोपर. घराची कंबर आवळायला लागली होती. सुतळीचे आता दोन गुंते झाले होते, आणि सुतार भिंतीला पाठ लावून काम करत होते.

खूप वरून पुष्करचा आवाज आला. "ताई, पाणी."

नवी पट्टी बाहेर पडली. मेस्त्रींनी तिचं टोक चाचपलं. "नव्या पंपाची आहे. बरं झालं, जुना थकलाय."

खांबावरून पिवळ्या बाईचा एक हात सुटला. "पोरी, नवा पंप झाला तर मी काही टिकत नाही," ती म्हणाली. "नाही झाला, तर इथल्या इथे भिंत उसवते."

केतकीने आपला हात पुढे केला. खांद्यापर्यंत तो चिंधीसारखा पातळ होता आणि त्यावर खाचा होत्या. मेस्त्रींनी त्यावरून अंगठा फिरवला.

"दाराशी नाही जुळत," ते म्हणाले. "पंपाशी जुळतंय."

"मग मी बसू?"

"बसलीस की बसलीस. आणि टोक झाकलेली पट्टी कुठे जाते, ते तू बघितलंयस."

"पंप होणार नाही ना?"

"कसा होईल?" मेस्त्री भट्टीकडे न बघता म्हणाले. "घरी सांगून आलीयस का?"

"नाही."

"हं."

भिंती आता केतकीच्या दोन्ही खांद्यांना लागत होत्या. मेस्त्रींचा अंगठा पट्टीच्या टोकावर येऊन थांबला होता. केतकीने तो दोन बोटांनी हळूच उचलून बाजूला ठेवला, फ्रॉक गुडघ्यांखाली नीट ओढून घेतला, आणि त्या टोकावर आडवी झाली.