अर्ध्या बक्षिसाची शर्यत

माझी थोरली बहीण गाडी चालवायला शिकवते. पंधरा वर्षं झाली, शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून, आपल्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवून ती मुंगीच्या पावलांनी शहरभर फिरते. माझी बायको दातांच्या कवळ्या बनवते. तिला गाडी येत नाही. म्हणजे ती शिकली ताईकडेच, पण लायसन्सच्या परीक्षेत तीनदा नापास झाली. ताई म्हणते, "ती आरसा बघत नाही." बायको म्हणते, "शेजारी ताई बसल्या असताना आरसा बघायला सवड कोणाला असते?" मी लिफ्ट दुरुस्त करतो, आणि घरी आलो की दोन मजल्यांच्या मधे अडकतो.

या दोघींचं एकाच गोष्टीवर एकमत होतं. टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर एक गेम पार्लर आहे, तिथे दर शनिवारी दुपारी मोटारींच्या शर्यतीची स्पर्धा व्हायची. मोठा पडदा, दोन खुर्च्या, दोन स्टीअरिंग. ताई आठवडाभर दाबून ठेवलेला वेग तिथे मोकळा सोडायची. बायकोचं वेगळं होतं. दाताला दात जुळेपर्यंत कानस फिरवणारी बाई ती. एकच वळण शंभर वेळा घेऊन पाहायची. जिंकणारीला काय मिळायचं? पार्लरचा मालक, ज्याला सगळे कप्तान म्हणत, भिंतीवरच्या फळ्यावर मार्करने तिचं नाव लिहायचा. पुढच्या शनिवारी पुसायचा. बस, एवढंच. तेवढ्यासाठी आमच्या घरी आठवडाभर कोणीतरी गाल फुगवून बसलेलं असायचं.

मग खालच्या टायरवाल्याला जाहिरातीची हुक्की आली. त्याने बक्षीस लावलं, माझ्या दोन महिन्यांच्या पगाराएवढं. झालं! शहराच्या चारी बाजूंनी लोक आले. कोणी स्वतःचे हातमोजे घेऊन, कोणी स्वतःची उशी घेऊन. एकाबरोबर तर त्याचे प्रशिक्षक होते, ते त्याला दर शर्यतीआधी पाणी पाजत. ताईने आणि बायकोने त्या सगळ्यांना वेगळंच पाणी पाजलं. चार शनिवार हे चाललं, आणि अंतिम फेरीत समोरासमोर उरल्या या दोघी.

मला घाम फुटला. फळ्यावरच्या नावासाठी आठवडाभर अबोला धरणाऱ्या या बायका. इतक्या पैशांसाठी काय करतील? ताई आमच्याकडे जेवायला आली तेव्हा मी विषय काढला.

"कोणीही जिंकलं तरी अर्धं अर्धं करा. म्हणजे भांडणच नको."

ताई म्हणाली, "मी तेच म्हणणार होते."

बायको म्हणाली, "माझ्याही मनात तेच होतं, ताई."

नऊ वर्षांच्या संसारात असा दिवस मी पाहिला नव्हता. मी आणखी एक पोळी घेतली.

अंतिम फेरीत तीन शर्यती होत्या. पहिली सुरू झाली आणि लोक एकमेकांकडे पाहू लागले. वळण आलं की ताई वेग कमी करायची, बायकोही करायची. पुलावर बायकोने चक्क बाजूला होऊन वाट दिली. ताई पुढे गेली आणि तिच्यासाठी थांबली.

"अहो बाई, पेट्रोल संपलं का?" मागून कोणीतरी ओरडलं. टायरवाल्याचा चेहरा पडला. एवढे पैसे ओतून त्याने या दोघींना जणू फिरायला पाठवलं होतं. ताई रेंगाळत पहिली आली, पण टाळी एकही वाजली नाही.

दुसऱ्या शर्यतीतही तीच तऱ्हा. मी निवांत बसलो होतो. तेवढ्यात बायकोची गाडी कठड्याला जराशी घासली, आणि ताईच्या तोंडून पंधरा वर्षांच्या सवयीने निघून गेलं, "आरसा बघ."

खोलीतल्या कोणाला काही कळलं नाही. मला कळलं. माझ्या बायकोचे कान लाल झाले.

तिने आरसा बघितला. नंतर तो ताईलाच बघावा लागला, कारण बायको मागून ज्या वळणावर पुढे घुसली तिथे जागा अशी नव्हतीच. ताई खुर्चीत ताठ झाली, "असं होय?" म्हणाली आणि पायात असेल नसेल तो जोर लावला. दुसरी शर्यत बायकोची. तिसरीत दोघी शेवटपर्यंत चिकटून धावल्या. टायरवाला टेबलावर चढला. कप्तानच्या हातातला मार्कर पडला. दोन्ही गाड्या जवळजवळ एकदमच रेषेवर आल्या, आणि पडद्यावर बायकोचं नाव उमटलं.

घरी आल्यावर बायकोने पाकिटातले अर्धे पैसे मोजून ताईपुढे ठेवले. ताईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"अगं, ठरलं होतं ना? तुला अर्धे मिळाले," मी म्हणालो.

"पैसे अर्धे मिळाले. हार अर्धी मिळाली का? ती सगळी माझ्याच वाट्याला आली."

मी बायकोकडे वळलो. "मग तू तरी..."

"मी काय? जीत वाटून घ्यायचं ठरलं नव्हतं," ती म्हणाली, आणि इतकी गोड हसली की ताई चप्पल घालून निघूनच गेली.

दोन आठवडे ताईचा फोन नाही. तिच्या वाट्याचे पैसे माझ्या हत्यारांच्या पिशवीत पडून होते. तिकडे टायरवाल्याने हात वर केले. एवढ्या लोकांत एकानेही टायर घेतला नव्हता. बक्षीस गेलं तसे हातमोजेवालेही गेले. तिसऱ्या शनिवारी पार्लरमध्ये कप्तान माशा मारत बसला होता. मी बायकोला सोडायला गेलो, तर ताई आधीच खुर्चीत बसलेली.

"उशीर केलास," ती बायकोला म्हणाली.

"पेशंटचा जबडा लहान होता," बायको म्हणाली आणि शेजारी बसली.

ताई जिंकली. बायको हरली आणि म्हणाली, "पुन्हा." मग बायको जिंकली. कप्तानने शेवटी हात जोडून दोघींना घालवलं. त्याला दुकान बंद करायचं होतं.

जिना उतरताना ताईने माझ्यापुढे हात केला. "काढ माझे पैसे."

मला हायसं वाटलं. दोघींमध्ये काहीतरी कुजबुज झाली आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या दारात टेम्पो उभा राहिला. त्यातून दोन खुर्च्या, दोन स्टीअरिंग आणि दाराएवढा पडदा उतरला. दोघींनी आपापला अर्धा वाटा त्यात घातला होता, वर थोडे पदरचेही. सोफा आणि जेवणाचं टेबल शेजाऱ्यांना देऊन टाकलं.

हल्ली मी स्वयंपाकघरात उभ्याने जेवतो. बाहेरून इंजिनांचा आवाज येत असतो. परवा मी दारातून विचारलं, "चहा कोणाला हवाय?"

"गप रे!" दोघी एकदम ओरडल्या. तेवढ्यापुरतं त्यांचं पुन्हा एकमत झालं होतं.