एका गुडघ्याचा फरक

मित्रांनो, टेबलाकडे कोणी पाहत नाही; टेबलावर काय ठेवलंय ते पाहतात. त्यामुळे माझी ओळख मलाच करून द्यावी लागते. मी लोणावळ्याच्या बाजारात, एका चिक्कीच्या दुकानावरच्या पहिल्या मजल्यावर राहतो. अठ्ठावीस वर्षं झाली. माझ्या अंगाला गुळाचा वास आहे आणि पोटात एक खण आहे. वासाचं मला कौतुक आहे. खणाची मला काळजी वाटते.

मला कामशेतच्या अंबाजी सुताराने घडवलं, निवृत्तीभाऊंसाठी. भाऊ वडिवळ्याचे. घरी भातशेती, पण त्यांनी मुंबईच्या एका ब्रोकर कंपनीचं काम घेऊन इथे ऑफिस थाटलं होतं. त्यांनी अंबाजीला सांगितलं, की खण दोन्ही बाजूंनी उघडला पाहिजे.

"भाऊ, दोन्हीकडनं उघडला तर त्यो खण कसला? त्यो तर बोगदा!" अंबाजी म्हणाला.

"मग बोगदाच कर. मी गिऱ्हाइकाशेजारी बसून फॉर्म भरतो. एकेका कागदासाठी किती वेळा उठू?"

अंबाजीने भर मे महिन्यात, वाळलेल्या सागवानात तो खण असा बेतला की फटीतून कागदही जाणार नाही. दोन्ही बाजूंना पितळी मुठी बसवल्या आणि बजावलं, "पावसाळ्यात फुगंल. तवा नुसतं वढू नका, उचलून वढा."

भाऊ ब्रोकर होते, म्हणजे दलाल. मार्केटयार्डातला आडत्या तुमचा फ्लॉवर दुसऱ्याला विकून देतो आणि आपली आडत कापून घेतो, तसंच. शेअर तुमचे, भाव बाजाराचा, भाऊंची फक्त दलाली. ती ते बिलावर लाल पेनाने गोल करून दाखवत. आणि गंमत बघा, त्या लाल गोलामुळेच माणसं भाऊंवर रागवायची. शंभर रुपये दलाली ऐकली की अशी दचकायची, जणू भाऊंनी त्यांच्या खिशात हात घातलाय. हात होता खरा. पण तो दिसत होता, हेच लोकांचं दुखणं होतं.

तरी ती माझी चांगली वर्षं. माझ्या दोन्ही मुठी सारख्याच चकचकीत होत्या.

मग भाऊंना डोळ्यांनी दगा दिला आणि ऑफिसात त्यांचा पुतण्या विक्की आला. त्याने माझ्यावर काच टाकली, आपल्या बाजूला फिरती खुर्ची आणली आणि पलीकडे दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. तो आपल्या खुर्चीतून कधी पलीकडे गेला नाही. माझी एक मूठ काळी पडत गेली. भिंतीवर पाटी लागली : 'शून्य दलाली'.

लोक खूश झाले. दलाली घेत नाही म्हणजे देवमाणूस! मला मात्र तेव्हापासून धाकधूक लागली. दलाली न घेता विक्कीने दोन वर्षांत मोठी गाडी घेतली होती, आणि टेबलाला का होईना, एवढं गणित समजतं.

मित्रांनो, विक्की ब्रोकर नव्हताच. तो डीलर होता. डीलर तुमच्यासाठी विकत नाही, तुमच्याकडून स्वतः विकत घेतो आणि पुढे जास्त भावाने देतो. मधलं अंतर त्याचं. हा गुन्हा नाही. नाक्यावरचा भाजीवाला हेच करतो. पण भाजीवाला तुमच्या खांद्यावर हात ठेवून "मावशी, तुमच्या भल्याचं सांगतो, याहून जास्त मिळणार नाही" असं म्हणत नाही. घेणाऱ्याने विकणाऱ्याला सल्ला द्यायचा, आणि विकणाऱ्याने त्याला वर चहा पाजायचा, हे मी माझ्याच अंगावर अनेकदा पाहिलं. चहाचे डाग आहेत.

गेल्या जुलैत शालूबाई आल्या. त्या खालच्याच कारखान्यात चिक्की पॅक करतात, वीस वर्षं जमिनीवर मांडी घालून. दोन्ही गुडघे गेले. नवरा सीताराम तळेगावच्या एका कारखान्यात फिटर होता; कंपनीने कामगारांना दिलेले सहाशे शेअर त्याच्यामागे शालूबाईंच्या नावावर झाले. ते शेअर बाजारात विकले जात नसत, त्यामुळे त्यांचा भाव पेपरात छापून येत नसे. भाव विक्की सांगेल तो.

डॉक्टरांनी एका गुडघ्याचे एक लाख वीस हजार सांगितले होते. पुढच्या मंगळवारी तारीख होती.

"दोनशे साठ," विक्की म्हणाला. "दीड लाखाच्या वर होतात, मावशी. एक गुडघा आत्ता करा. दुसरा पुढच्या वर्षी."

"एका पायानं जिना चढू व्हय रं?" शालूबाई हसल्या. मग कपाळाला आठी पडली. "आन दलाली किती?"

"शून्य."

"बघ! तुजा चुलता सुईच्या टोकाएवढं तरी घेयाचाच." त्यांनी हात जोडले. "तूच काय ते ठरीव बाळा. आमाला काय कळतंय?"

आमच्याकडची ही जुनी रीत. समोरच्याला मान द्यायचा तर भाव त्यालाच ठरवू द्यायचा. विक्कीने तो मान अतिशय नम्रपणे स्वीकारला.

आता फक्त सही उरली होती. शेअर दुसऱ्याच्या खात्यात द्यायचे तर त्यासाठी स्लिपांचं एक पुस्तक असतं. ते खरं तर ज्याचं त्याच्या घरी हवं. पण "घरी हरवंल, तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या" म्हणून शालूबाईंनी ते भाऊंकडे ठेवलं होतं, आणि ते माझ्या खणात होतं. त्या पुस्तकावर पाच दिवसांपूर्वी विक्कीने घाईत एक चिठ्ठी टाकली होती. शालूबाई आठवड्यापूर्वी चौकशी करून गेल्यावर त्याने गिऱ्हाईक शोधून ठेवलं होतं. चिठ्ठीवर काय लिहिलंय ते मला ठाऊक होतं आणि मला बोलता येत नव्हतं.

विक्कीने मूठ ओढली. खण हलला नाही. चार दिवस धुकं विक्कीच्या पाठीमागच्या खिडकीतून आत येऊन माझ्या त्याच बाजूवर बसलं होतं. त्याने दोन्ही हातांनी ओढलं. पाय लावला. माझ्या सांध्यांतून असा आवाज निघाला की खालून चिक्कीवाल्याने "काय रं, भूकंप हाय का?" म्हणून विचारलं. मला वाटलं, आज आपला पाय तरी मोडणार, नाहीतर शालूबाईंचा एक गुडघा तरी जाणार.

शेवटी विक्कीने भाऊंना फोन लावला आणि हात मोकळे राहावेत म्हणून स्पीकरवर टाकला.

"काका, खण अडकलाय."

"तुझ्या बाजूनं नाही यायचा तो," भाऊ म्हणाले. "अशा धुक्यात खिडकीकडची बाजू फुगते, पलीकडूनच ओढावा लागतो. समोर कोण आहे?"

"शालूमावशी."

"शालूबाई, मूठ धरा. आधी वर उचला, मग ओढा."

"नको, मी येतो तिकडे..." विक्कीला चिठ्ठी तेव्हा आठवली असावी. पण शालूबाई मूठ उचलून मोकळ्या झाल्या होत्या. अठ्ठावीस वर्षांत मी इतक्या सहज कधी उघडलो नाही.

शालूबाई सातवी शिकलेल्या. दिवसभर पाकिटांवरचे भाव वाचतात. त्यांनी चिठ्ठी डोळ्यांपासून लांब धरली.

"शालूबाई, सहाशे, पुण्याची पार्टी, चारशे धा." त्या थांबल्या. "हे माझंच नाव न्हवं?"

विक्की फिरत्या खुर्चीत थोडा फिरला. "ते मी पुढे विकणार आहे, मावशी. धंदाच आहे तो."

"म्हंजी तू घेनारा हाईस?"

"हो."

"मंग तसं म्हनायचं की रं! आमचा शेठ बी चिक्की दुप्पट भावानं इकतो. पन त्यो मला 'शालू, तुझ्या भल्याचं सांगतो' आसं न्हाई म्हनत. मी आपली घेनाऱ्यालाच भाव इचारीत बसले."

फोनवर भाऊ खोकले. "विक्की, पाटी शून्य दलालीची लावलीस. 'मीच घेणार आहे' एवढी का नाही लावलीस?"

शालूबाईंनी स्लिपांचं पुस्तक उचललं आणि पिशवीत टाकलं. मी घाबरलो. त्या उठून गेल्या तर मंगळवारी दोन्ही गुडघे जिथल्या तिथे. पण त्या उठल्या नाहीत.

"लाव त्या पुण्यावाल्याला फोन. माझ्या म्होरं. त्याला सांग, शेअर शालूबाईचे हाईत, तू नुसता मधला हाईस. आन तुजी दलाली काय ती सांग."

विक्कीने आयुष्यात दलाली सांगितली नव्हती. त्याला आकडाच सुचेना. "दोन टक्के?" तो जमिनीच्या एजंटासारखं बोलला. भाऊंच्या तिप्पट होते ते.

ज्या शालूबाई भाऊंच्या दहा रुपयांसाठी तासभर घासाघीस करायच्या, त्या एवढंच म्हणाल्या, "घे. पन लिहून दे. लाल पेनानं."

दलाली जाऊन दोन लाख एकेचाळीस हजार ऐंशी उरले. दोन गुडघे, आणि वर एक हजार ऐंशी रुपये रिक्षाला. डीलर आणि ब्रोकर यांच्यात फरक काय, असं कोणी विचारलं तर लोक जाड पुस्तकं दाखवतात. मी साधं टेबल आहे. मला विचाराल तर फरक एका गुडघ्याचा आहे.

शालूबाई आता जिना चढतात म्हणे. इथला जिना मात्र पुन्हा चढल्या नाहीत. दिवाळीनंतर विक्की नवं काचेचं टेबल आणणार आहे, खण नसलेलं. माझं काय होईल, ठाऊक नाही. चुलीपर्यंतचे सगळे विचार मनात येऊन जातात. म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. मित्रांनो, मला घरी नेलंत तर माझा खण रंधा मारून सैल करू नका, थोडा आखडूच द्या. आणि कुठल्याही टेबलासमोर बसलात, तर चहा मागवण्याआधी विचारा : तू माझ्यासाठी विकतोयस, की माझ्याकडून घेतोयस?

त्या दिवशी शालूबाई कामावरून तशाच आल्या होत्या. पलीकडच्या मुठीला त्यांच्या बोटांचा गूळ अजून लागलेला आहे. मुंग्या येतात. विक्कीने तो पुसलेला नाही. पुसायचा तर त्याला त्या बाजूला यावं लागेल.