सासूबाईंच्या कोंबड्यांचं दुखणं

बहिणीच्या पायाचं ऑपरेशन झालं म्हणून पुष्पाबाई शिरपूरला गेल्या. जाताना त्यांनी सुनेला एकच काम सांगितलं, ते म्हणजे कोंबड्या सांभाळायचं. घर, स्वयंपाक, मुलगा गोपालचा डबा यातलं त्या काही बोलल्या नाहीत. ते हर्षदा करते हे त्यांना ठाऊक होतं. कोंबड्यांना मात्र लग्न होऊन आल्यापासून त्यांनी तिला कधी हात लावू दिला नव्हता.

गुजरातेत, गोडादऱ्याच्या वस्तीतल्या त्यांच्या घरामागे जेमतेम दोन खाटा मावतील एवढी मोकळी जागा. तिथेच पत्र्याचं खुराडं, आणि भिंतीला लागून पाण्याचा नळ. सासरे कापडाच्या लूमवर कामाला असताना अचानक गेले, त्यानंतर पुष्पाबाईंनी या कोंबड्या पाळायला घेतल्या होत्या. सकाळी त्यांच्याशी बोलल्याशिवाय त्या चहाला बसत नसत. कोंबड्यांशी जेवढं बोलत, तेवढं माणसांशीही बोलत नसत.

सासूबाई गेल्यावर थोड्याच दिवसांत हर्षदाच्या लक्षात आलं, की कोंबड्या दाण्यांवर तुटून पडतात, पण अंगी लागत नाही. भुरी नावाच्या कोंबडीला उचललं तर छातीचं हाड हाताला टोचलं. तुरे फिके पडले, अंडी बंद झाली, खुराड्यात पातळ घाण दिसू लागली. तिनं कण्यांमध्ये लसूण ठेचून घातला, हळद घातली. काही फरक पडला नाही.

एके दिवशी सकाळी खुराड्याचं दार उघडलं तर लाल कोंबडी आडवी पडलेली. पाय ताठ झाले होते.

शेजारच्या शोभाबाई भिंतीवरून डोकावल्या. त्यांचा रांगता नातू दिवसभर तिकडच्या ओट्यावर असायचा.

"मानमोडी आली असंल," त्या म्हणाल्या. "आता एकेक करून साऱ्या जातील. तुझ्या सासूची वाट नको बघू. उरलेल्या आजच देऊन टाक कोंबडीवाल्याला. आमच्या घरात लेकरू आहे बाई."

त्यांचं बोलणं वावगं नव्हतं, म्हणूनच हर्षदाला जास्त भीती वाटली. गोपाल शिफ्ट करून आला होता. ऐकून त्यानंही खुराड्यात डोकावून पाहिलं. मग म्हणाला, "आईला फोन लावू का?"

"काय सांगशील? की माझ्या हाती दिल्या आणि मी मारल्या?"

"असं कोण म्हणेल?"

"कोणी म्हणायला कशाला पाहिजे," हर्षदा म्हणाली.

मेलेली कोंबडी तिनं दोन पिशव्यांत गुंडाळली आणि रिक्षा करून पशुदवाखान्यात गेली. कोंबडीवाल्याकडे जायचं तर जाऊ, पण आधी कळू दे तरी, एवढाच तिचा विचार होता.

डॉक्टरबाई गुजराती होत्या, वयानं हर्षदापेक्षा थोड्याच मोठ्या. त्यांनी हातमोजे घातले, मागच्या ओट्यावर कोंबडी ठेवली आणि पोट फाडलं. हर्षदानं तोंड फिरवलं. थोड्या वेळानं हाक आली.

"मानमोडी नथी, बेन. करमिया छे."

करमिया म्हणजे काय ते हर्षदाला कळेना. डॉक्टरबाईंनी तिला जवळ बोलावलं. उघडलेल्या आतड्यात पांढरे, शेवयांसारखे लांब जंत गच्च भरले होते. काही अजून वळवळत होते.

"जंत!" हर्षदाच्या तोंडून निघालं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. एवढी घाण बघून आपल्याला बरं वाटतंय याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

मग डॉक्टरबाई हिंदीत बोलू लागल्या. "बाकी सब बच जाएँगी. दवा पानी में देनी है." रात्री पाणी काढून घ्यायचं, सकाळी तहानलेल्या असताना औषधाचं पाणी ठेवायचं. काही आठवड्यांनी पुन्हा एकदा द्यायचं. सांगेपर्यंत अंडी खायची नाहीत. आणि त्यांनी विचारलं, "जमीन ओली असते का?"

नळ गळत होता. खुराड्याखालची माती कायम ओली असायची, आणि दाणे तिथेच टाकले जायचे. डॉक्टरबाईंनी मान हलवली. विष्ठेतून जंतांची अंडी मातीत पडतात आणि दाण्यांबरोबर परत पोटात जातात, असं त्यांनी समजावलं.

"मी तीनच आठवडे झाले बघते आहे यांना," हर्षदा हिंदीत हळूच म्हणाली.

"एवढे जंत तीन आठवड्यांत वाढत नाहीत. दीड-दोन महिन्यांचे तरी असतील."

परतीच्या रिक्षात हर्षदाला रडू आलं. रिक्षावाला आरशातून बघत होता, तरी तिनं ते आवरलं नाही.

गोपालनं नळाचा वायसर बदलला. दोघांनी मिळून ओली माती खरवडून काढली, चुना टाकला, दाण्यांसाठी पसरट भांडं आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोंबड्या औषधाच्या पाण्यावर माना खाली घालून तुटून पडल्या. संध्याकाळपासून खुराड्यात जंत पडलेले दिसू लागले. हर्षदा नाकाला पदर लावून ते गोळा करायची आणि खड्ड्यात पुरायची. शोभाबाईंना तिनं बोलावून दाखवलं. त्या "शी" म्हणत मागे सरल्या, मग हसल्या. "माणसाची बिमारी नाही ना? मग राहू दे बाई."

पुष्पाबाई परत आल्या तेव्हा भुरीचा तुरा लाल व्हायला लागला होता. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि थेट मागे गेल्या. खुराड्याचं दार उघडून त्यांनी भुरीला उचललं. हर्षदा दारात उभी राहिली आणि तिनं लाल कोंबडीचं, दवाखान्याचं, जंतांचं सगळं सांगितलं. ते किती दिवसांचे होते, एवढं मात्र सांगितलं नाही.

पुष्पाबाई भुरीच्या छातीवरून बोट फिरवत होत्या. "मी जावाच्या आधीच हलकी लागे ही," त्या अहिराणीत म्हणाल्या. "माले वाटे, वय व्हयनं." मग त्यांनी सुनेकडे पाहिलं. तिचे डोळे वाहत होते. "तू काबर रडी राहिनी?"

"काही नाही," हर्षदा म्हणाली.

"दुसरं औषध कधी?"

"पुढच्या महिन्यात."

"मग तूच दे. मनाकडथून इसरी जाई."

आपण विसरून जाऊ, एवढं सांगून त्या चुन्यावरून पाय उचलत आत आल्या, मोरीवर हात धुतले आणि चहा मागितला. हर्षदानं दोघींचा ठेवला. चहा उकळेपर्यंत पुष्पाबाई शिरपूरच्या गोष्टी सांगत राहिल्या, बहिणीचा पाय, तिथलं ऊन, बसमधली गर्दी. हर्षदा ओट्याला टेकून ऐकत होती. तिला फार दिवसांनी भूक लागली होती.